बालवाडीवरचे पत्रे

"थांब, आधी पाणी," असं म्हणून शेजारच्या वहिनी समोरच्याच्या हातातला झाडू सरळ काढून घेत. मग डाव्या हातात तांब्या आणि उजव्या हाताने व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपडणं सुरू. फरशी नीट ओली झाली की झाडू तसाच कोपऱ्यात राही आणि ओलं पोतं फिरे. कोरडा झाडू दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. आमच्या क्वार्टर्सच्या रांगेतल्या पंजाबी आणि गढवाली बायकांनी त्यांचं नाव 'पानीवाली मॅडम' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवू देत. झाडूवाली म्हटलं असतं तर मात्र रागावले असते."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी दाराला कुलूप लावून पुन्हा ओढून बघतं, कुणी गॅस दोनदा तपासतं. आपण त्यांना हसतो आणि मागे काय असेल ते विचारत नाही. मीही बरेच दिवस विचारलं नव्हतं.

मी साताऱ्याहून लग्न होऊन चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत आले, माझा मुलगा तिथेच चालायला शिकला. पंजाब दहशतवादात धुमसत होता, ती ही ऐंशीच्या दशकातली वर्षं. आमच्या रांगेतले बहुतेक नवरे अमृतसर, तरणतारणकडे गेलेले, आणि मागे आम्ही बायका, पोरं आणि एक्स्चेंजमधून कधी लागेल तेव्हा लागणारा फोन. चंडीगडला सतरा सेक्टरमध्ये खरेदीला जायचं तर आधी चौकशी करायची, आज बाजार उघडा आहे का. बसमध्ये सीटखाली वाकून बघायचं. बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, डब्याला हात लावू नका, बॉम्ब असेल, हे आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं.

आणि या सगळ्यात शेजारच्या वहिनींना भीती कशाची, तर छपराच्या पत्र्यांची!

वहिनी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. उंच, काटक, केसांचा घट्ट अंबाडा. मुंबईच्या एका कारखान्यांनी भरलेल्या उपनगरात वाढलेल्या, रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या. मेजरसाहेबांशी लग्न झाल्यापासून देशभर फिरल्या होत्या, पण हिंदी मात्र मुंबईचीच राहिली होती. "मेरेको ये नहीं चलेगा," असं त्या म्हणाल्या की पंजाबी बायका खूश व्हायच्या. त्यांना वाटे, मॅडम सिनेमातलं बोलतायत.

पहिल्यांदा त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मी फुलके भाजत होते. त्या काळी गॅसवर ठेवायची एक तारेची जाळी मिळायची, मधोमध पांढऱ्या थराचा गोल असलेली. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवतात ना, तशीच. माझ्या जाळीचा पांढरा थर मधून उडाला होता, कडेने त्याचे धागे सुटले होते. वहिनींनी गॅस बंद केला, जाळी गार होईपर्यंत गप्प उभ्या राहिल्या, मग तिच्यावर पाणी ओतून ती दुधाच्या पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली.

"अहो वहिनी, ही मला आईनं दिलीय," मी म्हटलं.

"आईला माहीत नसणार. अगं, हे ॲस्बेस्टॉस आहे. धागे सुटलेत त्याचे. ते फुलक्यावर दिसतात तरी, हवेतले दिसतसुद्धा नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच राहतात."

"मग होतं काय?"

"काहीच होत नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एक दिवस दम लागायला लागतो."

नव्या शेजारणीचा स्वभाव जरा विक्षिप्त आहे, असं त्या रात्री नवऱ्याला पत्रात लिहिलं. फुलके मात्र त्यानंतर तव्यावरच भाजले.

आमच्या रांगेच्या टोकाला एक जुनी बराक होती. तिच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही बायका मिळून पोरांची बालवाडी चालवत होतो. नवरे बाहेर, शाळेची बस कधी येई कधी न येई, तेव्हा लहान पोरांना सकाळी चार तास गुंतवून ठेवायला ही सोय. छोट्या खुर्च्या, वाळूचा हौद, भिंतीवर हत्ती आणि मोर. वर सिमेंटचे पन्हळी पत्रे, पावसाने काळे पडलेले. टेकड्यांवरून माकडांची टोळी उतरायची ती नेमकी या छपरावर उड्या मारायची. त्यात एका धुळीच्या आंधीत शेजारच्या सफेद्याची, म्हणजे निलगिरीची, फांदी पडली आणि दोन पत्र्यांना तडे गेले. कडा भुसभुशीत झाल्या होत्या. जोराचा वारा आला की खुर्च्यांवर राखाडी भुगा पडे, आणि पोरं त्यात बोटाने चित्रं काढत.

वहिनींनी छपराबद्दल दोनदा आम्हा बायकांच्या बैठकीत विषय काढला. "हो, बघू," यापलीकडे काही झालं नाही. मग एक दिवस कळलं, वरच्या कुणी मोठ्या साहेबांच्या पत्नी आमची बालवाडी बघायला येणार आहेत.

फौजेतल्या घरात राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. कुणी पाहुणा येणार म्हटलं की जे हलत नाही ते रंगवायचं, हा आमचा कुळाचार. दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू. बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं, की व्हरांड्याचे काळे पत्रे तारेच्या ब्रशने खरवडून काढायचे आणि वर लाल रंग मारायचा. सुचवणारीला टाळ्या पडल्या. वहिनी उभ्या राहिल्या.

"ते पत्रे कोरडे घासायचे नाहीत," त्या हिंदीत म्हणाल्या. "घासले की त्यातलं ॲस्बेस्टॉस धूळ होऊन खाली येईल. खाली आपली मुलं बसतात."

बैठकीच्या अध्यक्ष आमच्या सीनियर मॅडम होत्या, ब्रिगेडियरसाहेबांच्या पत्नी. जालंधरकडच्या, प्रेमळ, पण शब्द खाली पडू न देणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बेटा, यहां रोज गोलियां चल रही हैं. मेरी बहन का घर बटाले में है, शाम के बाद दरवाजा नहीं खुलता. और तुम्हें छत की धूल की पडी है?"

सगळ्या हसल्या नाहीत, पण हसण्याच्या बेतात होत्या. वहिनी खाली बसल्या. परत येताना मी म्हटलं, "जाऊ द्या ना वहिनी. यंदा मेजरसाहेबांचा बोर्ड आहे ना?"

बोर्ड म्हणजे बढतीचा बोर्ड. कर्नलकीची पायरी. तिथे कागदावर नवऱ्याचं काम जातं, बायकोचं वागणं जात नाही, असं सगळे सांगतात. सगळे सांगतात आणि सगळ्या बायका सीनियर मॅडमच्या पुढे जरा जपूनच चहा पितात.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर खाली बसले."

त्या शांत बसल्यामुळे मला हायसं वाटलं होतं. पण दोनच दिवसांनी सकाळी मी मुलाला घेऊन बालवाडीकडे निघाले, तर दोन माणसं शिडीवर चढून तारेच्या ब्रशने पत्रा घासत होती. कोपऱ्यातला एक पत्रा उजळला होता आणि खाली वाळूच्या हौदावर, खुर्च्यांवर, मोराच्या पिसाऱ्यावर पांढुरका थर बसत होता. त्या दोघांनी तोंडाला रुमालही बांधला नव्हता. मागून पोरांची रांग गाणं म्हणत येत होती.

वहिनी घरातून चपला न घालताच आल्या. "उतरो. दोनों नीचे उतरो."

"मॅडम, ऑर्डर है."

वहिनी वाद घालायला थांबल्या नाहीत. बागेच्या नळाला लावलेला पाइप त्यांनी ओढून आणला, नळ पूर्ण सोडला आणि छपरावर पाणी मारायला सुरुवात केली. आधी पत्र्यांवर, मग खुर्च्यांवर, हौदावर, आणि मधे आलेल्या शिडीवरच्या माणसांवरही. एकजण "ओ जी! ओ जी!" करत खाली आला. मोर नखशिखांत भिजला. पोरांना वाटलं होळी आहे, ती आनंदाने पुढे धावली, तेव्हा वहिनी पाइप हातात धरूनच फाटकात आडव्या झाल्या. "कुणीही आत यायचं नाही. ए, तू यांना सगळ्यांना माझ्या घरी घेऊन जा. बिस्किटांचा डबा वर आहे," असं त्यांनी मला फर्मावलं. मी पोरांना त्यांच्या घरात बसवलं, दुसऱ्या एका शेजारणीला तिथे थांबवलं आणि परत आले, कारण सीनियर मॅडमची जीप येताना दिसली होती.

मॅडम उतरल्या. भिजलेला व्हरांडा, भिजलेली माणसं, अनवाणी वहिनी. "ये क्या तमाशा है?"

"मॅडम, इधर बच्चे नहीं आएंगे. ये छत पहले ठीक से उतरेगी."

मॅडम जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हारे हसबंड का बोर्ड है इस साल. सोचा है?" त्यात धमकी नव्हती, हे मी आजही सांगेन. त्यांना खरंच काळजी वाटली होती, आणि म्हणूनच ते ऐकणं जास्त कठीण होतं.

"सोचा है," वहिनी म्हणाल्या. "दो रात वहीच सोचा है, मॅडम."

मॅडमनी एका छोट्या खुर्चीच्या पाठीवरची कोरडी राहिलेली भुकटी बोटाने पुसून बघायला हात पुढे केला. वहिनींनी झटकन त्यांचं मनगट धरलं. ब्रिगेडियरसाहेबांच्या पत्नीचं मनगट, चारचौघांत!

"हाथ मत लगाइए," वहिनी म्हणाल्या, आणि मनगट तसंच धरून त्यांनी आपल्या मुंबई हिंदीत सगळं सांगितलं. त्यांचे वडील सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखे पांढरे असत. आईला घरात धूळ चालत नसे, म्हणून वडिलांचा शर्ट दारात नेऊन झटकायचं काम थोरल्या मुलीचं. ती थोरली मुलगी म्हणजे वहिनी. शाळेतून आल्यावर, रोज. वडिलांना पन्नाशीच्या आत जिना चढवेना. बिडीमुळे असेल, असं सगळे म्हणत राहिले, आणि वडिलांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. शेवटी एका तरुण डॉक्टरने क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरून समजावलं, तेव्हा वहिनी कॉलेजात होत्या. वडील त्यानंतर वर्षभरात गेले.

"वो शर्ट मैंने रोज झटका है, मॅडम. मेरे अंदर कितना गया, मेरेको मालूम नहीं. मेरा जो होगा सो होगा. पर ये बच्चों ने तो किसी का शर्ट नहीं झटका ना?"

मॅडमनी एकदा वर पत्र्यांकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं आणि विचारलं, "ठीक से उतारना मतलब कैसे?"

त्याच दुपारी मॅडमनी इंजिनिअर्समधला एक तरुण मल्याळी कॅप्टन पाठवून दिला. त्याने या विषयावर काहीबाही वाचलं होतं, वहिनींनी बरंच वाचलं होतं, दोघांची लगेच गट्टी जमली. बराकीच्या खिडक्या बंद करून फटींना ओली फडकी लावली. आसपासच्या घरांना सांगितलं, आज कपडे बाहेर वाळत घालू नका. जवानांना स्टोअरमधून नाकातोंडावर घट्ट बसणारे, पुढे गाळणी असलेले मास्क दिले. एकजण आपला रुमाल बांधून आला, तर वहिनींनी त्याला परत पाठवलं. "रुमाल से मच्छर रुकेगा, ये नहीं."

मेजरसाहेबांचा फोन त्याच दिवशी नेमका लागला होता. वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं, मॅडमचं मनगट धरल्याचंही. मग मेजरसाहेब म्हणाले, "पत्र्यावर कुणाला पाय देऊ देऊ नकोस. फुटतो तो. फळ्या टाकायला सांग." आणि फोन कटला. वहिनी पदराने डोळे पुसत कॅप्टनकडे गेल्या आणि म्हणाल्या, "फळ्या."

पाण्यात थोडा साबण घालून पत्रे दोन्ही बाजूंनी भिजवले, वाळू लागले की पुन्हा भिजवले. गंजलेले बोल्ट हातोडीने ठोकले नाहीत, तेल सोडून करवतीने हळूहळू कापले. अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली द्यायचा, टाकायचा नाही, आपटायचा नाही, मोडायचा तर मुळीच नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं, त्यात गुंडाळून कडा चिकटपट्टीने बंद. फुटके तुकडे हाताने उचलले, तेही भिजवून. शेवटी भिंती, फरशी, खुर्च्या ओल्या फडक्यांनी पुसल्या आणि ती फडकीही प्लास्टिकमध्ये गेली. हौदातली वाळू तर भिजवून सगळीच्या सगळी उचलली. जवानांनी कामाचे कपडे तिथेच उतरवले, तिथेच अंघोळ केली. एक हवालदार म्हणाला, "मॅडम, वर्दी घर पे धुलवा लेंगे." त्यावर वहिनी जवळजवळ ओरडल्याच. "घर नहीं! घर बिलकुल नहीं ले जाना!" तो बिचारा दचकला. कपडे तिथेच पिंपात भिजवून वेगळे धुतले गेले.

पत्रे वस्तीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरले. पुन्हा कुणी खणू नये म्हणून वर एक दगड रोवला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर कुणीतरी त्या दगडाला चुना फासून भोवती झेंडूची रोपं लावली होती. फौजेला दगड मोकळा बघवत नाही.

पाहुण्या मॅडम आल्या तेव्हा व्हरांड्यावर छप्परच नव्हतं. आम्ही मोकळ्या आभाळाखाली पोरांना बसवलं होतं. "ओपन एअर नर्सरी! व्हॉट अ मॉडर्न आयडिया!" म्हणून त्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि ते सीनियर मॅडमनी हसून घेतलं.

यानंतर रांगेत उलटंच वारं शिरलं. प्रत्येकीला आपलं छप्पर उतरवून हवं झालं. एक जण तर स्वतःच बांबू घेऊन सज्ज्यावरचा पत्रा पाडायला निघाली होती. वहिनींनी तिचा बांबू काढून घेतला. "धड पत्रा आपणहून काही करत नाही. त्याला भोक पाडू नका, घासू नका, तोडू नका. रंग देऊन गप्प राहू द्या. तडा गेला तर मला सांगा." वहिनींच्या स्वतःच्या व्हरांड्यावर शेवटपर्यंत तेच सिमेंटचे पत्रे होते. लोकांना हे काही केल्या समजेना. बाई नक्की कशाला घाबरते?

मेजरसाहेबांना त्या वर्षी बढती मिळाली नाही. त्याचा पत्र्यांशी संबंध नव्हता, असं सीनियर मॅडम स्वतः येऊन सांगून गेल्या, आणि मला ते खरं वाटलं. वहिनींना वाटलं की नाही, मी कधी विचारलं नाही. मेजरसाहेब मेजर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही, एवढंच वहिनी मला पुढे एकदा म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "काढला असता तर बरं झालं असतं गं."

त्यांची बदली आमच्या आधी झाली. मग पत्रं, मग दिवाळीचे फोन, मग दोन्ही घरं पुण्यात. चंडीमंदिरची ती पोरं एव्हाना कामाधंद्याला लागली होती. वहिनींना साठीच्या आसपास दम लागू लागला. फोटो काढला. डॉक्टर समजावून सांगू लागले तर वहिनीच म्हणाल्या, "माहीत आहे मला. तुम्ही फक्त किती वेळ आहे ते सांगा."

मी भेटायला जाई तेव्हा त्यांचा एकच उद्योग. रांगेतल्या एकेका पोराची चौकशी. सुभेदारांची मुलगी काय करते? हॉकी खेळते? छान. गढवालणीचा धाकटा? डोंगर चढतो? दम लागतो का त्याला? नाही ना? मी सांगत जाई आणि त्या मान हलवत जात. माझ्या मुलाचं विचारलं तेव्हा मी चाचरले. त्या काळात तो सिगारेट ओढू लागला होता.

"काय?" वहिनी उशीवरून उठूनच बसल्या. "त्याच्यासाठी मी त्या मोराला अंघोळ घातली होय? पाठव त्याला इकडे!"

तो आला. मान खाली घालून पलंगाजवळ बसला. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. पण वहिनी थकल्या होत्या, नाकाला प्राणवायूची नळी होती. त्यांनी त्याला पाठ फिरवून बसायला सांगितलं आणि आपला हाडकुळा पंजा त्याच्या शर्टावर, दोन खांद्यांच्या मधे, पसरून ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "मोठा श्वास घे."

त्याने घेतला. वहिनींचा हात त्याच्या पाठीबरोबर वर गेला, खाली आला. त्यांनी डोळे मिटले.

"अजून घे," त्या म्हणाल्या. तो घेत राहिला.